मासळीसाठी वेगळे मोदकपात्र घ्यावे का? २४ सेंटिमीटरचे स्टीलचे भांडे, दोन बांगडे आणि तांबडी भाजी

कोकणात मोदकपात्र नाही असे घर विरळाच. पण ते गणपतीत निघते, अधूनमधून संकष्टीला निघते आणि एरवी माळ्यावर पडून असते. त्यात मासळी शिजवू म्हटले तर घरातली मोठी माणसे नाही म्हणतील, आणि त्यांचे बरोबर आहे. नैवेद्याचे भांडे नैवेद्यालाच राहू द्यावे. मात्र मासा आणि पालेभाजी अर्ध्या तासात, चमचाभर तेलात, वाफेवर करायची तर या भांड्याच्या घडणीला तोड नाही. म्हणून मासळीसाठी दुसरे मोदकपात्र घेणे परवडते का, घेताना काय मोजावे आणि ते कुठे दगा देते, ते इथे सविस्तर लिहितो.

परीक्षण एका कंपनीचे नाही. रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी, कुठल्याही बाजारात भांड्यांच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या स्टीलच्या मोदकपात्राचे आहे. खाली पाण्याचे भांडे, त्यावर भोकांची जाळी, वर उंच झाकण, असे तीन भाग. काहींसोबत दुसरी जाळी येते, तिच्याबद्दल पुढे. दुकानदार "अकरा मोदकांचे", "एकवीस मोदकांचे" असे माप सांगतो. मासळीला ते माप कामाचे नाही. टेप घेऊन जावे.

पहिले माप जाळीचे. आतला व्यास किमान २२ सेंटिमीटर हवा, म्हणजे भांडे साधारण २४ सेंटिमीटरचे. किलोला पाच बसतात तसा बांगडा डोके काढून, शेपटीची टोके छाटून सतरा-अठरा सेंटिमीटर भरतो. असे दोन शेजारी ठेवले की २२च्या जाळीत कडेने वाफेला वाट उरते. २० सेंटिमीटरच्या जाळीत तेच दोन बांगडे कडेला टेकतात, वाफ खालीच कोंडते, आणि माशाची एक बाजू शिजते तर दुसरी काट्याशी कच्ची राहते. पाव किलोचे पापलेट सबंध ठेवायचे तरी २२च लागते.

दुसरे माप जाळी आणि तळ यांतल्या अंतराचे. याकडे कोणी बघत नाही आणि निम्म्या तक्रारी इथूनच येतात. हे अंतर पाच सेंटिमीटर हवे. २४ सेंटिमीटरच्या भांड्यात एक लिटर पाणी घातले की ते दोन बोटांपेक्षा थोडे कमी, म्हणजे सव्वादोन सेंटिमीटर चढते. वर तेवढीच जागा मोकळी राहिली की उकळी फुटली तरी पाणी जाळीला लागत नाही. हलक्या भांड्यांत हे अंतर अडीच-तीन सेंटिमीटरच असते. मग एक लिटर घातले तर उसळी जाळीतून वर येऊन मासा उकडतो, आणि अर्धा लिटर घातले तर मोठ्या आचेवर ते संपत येते. पहिल्या चुकीत मासा पाणचट होतो, दुसरीत भांडे करपते. वाफवलेल्या माशाला चव नसते, अशी तक्रार करणाऱ्यांच्या भांड्यात बहुधा पहिली चूक झालेली असते.

तिसरे, झाकण. मध्ये उंच आणि कडेला उतरते झाकण घ्यावे, म्हणजे त्याच्या आतले पाण्याचे थेंब घरंगळत कडेने खाली जातात. सपाट झाकणाचे थेंब सरळ माशावर पडतात, मसाला धुऊन नेतात. काचेचे झाकण आत दिसते म्हणून आवडते, पण त्याच्या कडेला रबर असेल तर मासळीचा वास त्यात मुरतो आणि जाता जात नाही. सबंध स्टीलचे झाकण, मूठ स्क्रूने बसवलेली, वाफेला एक बारीक भोक, हे उत्तम. भोक नसेल तर झाकण थडथडते आणि कडेने पाणी उडते.

धातूचे थोडक्यात. ॲल्युमिनियमचे स्वस्त पडते आणि लवकर तापते, पण आमसूल आणि लिंबू त्याला मानवत नाहीत. आंबट रस जाळीवरून गळत राहतो, ती काळपट पडते आणि पुढे खड्डे पडतात. तांब्याचे असेल तर आतून कल्हई पक्की हवी, नाहीतर आंबट पदार्थ त्यात नकोच. स्टील सगळ्यांत बिनघोर. इंडक्शनच्या शेगडीवर वापरायचे असेल तर खिशात लोहचुंबक न्यावे आणि तळाला लावून बघावे. चिकटले नाही तर शेगडी ते भांडे ओळखणार नाही, मग पत्रा कितीही चांगला असो. स्टीलची भांडी अजून बऱ्याच ठिकाणी वजनावर विकतात. हलके उचलू नये. पातळ तळ मोठ्या आचेवर वाकतो, आणि तळ वाकला की भांडे शेगडीवर डुलते.

आता मुख्य मुद्दा, मासा. तव्यावर तळताना रवा, तिखट आणि तेल मिळून शिळेपणा बराचसा झाकतात. वाफ काहीही झाकत नाही. त्यामुळे हे भांडे ताज्या मासळीचेच आहे. हर्णैला संध्याकाळी किनाऱ्यावर लिलाव होतो. तिथून आणलेला बांगडा रात्री आठला या भांड्यात घातला तर त्याला हळद आणि मीठही पुरते. तोच बांगडा दोन दिवस फ्रीजमध्ये राहिलेला असेल तर त्याचे तिखले, म्हणजे तिखट कालवण करावे, इथे घालू नये. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या बाबतीत ही केवळ चवीची गोष्ट नाही. हे मासे बर्फाबाहेर राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होते. खाल्ल्यावर अंगाला खाज सुटणे, चेहरा लाल होणे, डोके दुखणे हे त्याचे परिणाम, आणि एकदा तयार झालेले हिस्टामिन शिजवून जात नाही. बाजारातून घरी येईपर्यंतही पिशवीत बर्फ हवा. घेताना कल्ले उचलून बघावेत, लालभडक हवेत. डोळा काचेसारखा आणि फुगीर हवा. पोट दाबल्यावर बोटाचा खड्डा राहता कामा नये.

साफ करून देणारी बाई पोट काढून देते, पण एक काम घरी करावेच लागते. पोटाच्या आत काट्याला लागून रक्ताची काळसर रेघ असते. ती अंगठ्याच्या नखाने किंवा चमच्याच्या टोकाने वाहत्या पाण्याखाली खरवडून काढावी. पोटाच्या आतली काळी पातळ सालही निघेल तेवढी काढावी. वाफवलेल्या बांगड्याला जो उग्र, कडवट वास येतो तो इथून येतो. तळताना हे खपून जाते, वाफेवर नाही. मग मूठभर जाड मीठ चोळून एकदा, साध्या पाण्याने एकदा धुवावा आणि कापडाने कोरडा टिपावा. ओल्या माशावर वाटण बसत नाही, घसरून पानात साचते. दोन्ही बाजूंना तिरक्या तीन-तीन चिरा द्याव्यात, अर्धा सेंटिमीटर खोल. काट्यापर्यंत चिरले तर मांस शिजताना उलगडते आणि मासा उचलताना तुटतो.

दोन माणसांचे प्रमाण असे. किलोला पाच बसणारे दोन बांगडे. वाटणाला पाव वाटी ओले खोबरे, तीन हिरव्या मिरच्या, पाच लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, मूठभर कोथिंबीर, पाव चमचा हळद, सपाट एक चमचा मीठ. आमसुले चार, दोन मोठे चमचे कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून कोळ काढलेला. तिरफळे पाच. ती वाटणात घालू नयेत. आतले काळे बी काढून टाकावे, साल खलबत्त्यात जेमतेम ठेचावी आणि माशाच्या पोटात भरावी. वाटली तर कडवट होतात आणि जिभेला मुंग्या आणतात, ठेचली तर नुसता सुवास देतात. बांगड्याला तिरफळ हवेच. पापलेटाला नको, त्याचा नाजूक स्वाद तिरफळाखाली हरवतो. पापलेटाला आमसुलाऐवजी लिंबू आणि जास्त कोथिंबीर बरी.

वाटण घट्ट हवे. मिक्सरला फिरण्यापुरते एक-दोन चमचे पाणी, तेही आमसुलाच्या कोळाचेच. माशाला लावून दहा मिनिटे ठेवावे. तासभर मुरवण्याची सवय इथे उपयोगाची नाही, कारण आंबटामुळे वरचे मांस शिजण्याआधीच आवळते आणि वाफेवर आणखी चिवट होते. दहा मिनिटांत कुकरला भात लावून होतो.

आणि आता पालेभाजी, म्हणजे या भांड्याची खरी परीक्षा. तांबडी भाजी, बाजारात जिला लाल माठ म्हणतात, तिची मध्यम जुडी निवडून दोनशे ग्रॅम भरते. कोवळे देठ टाकू नयेत, दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत, चव देठातच असते. भाजी धुताना चाळणीत नळाखाली धरून उपयोग नाही. मोठ्या टोपात पाणी भरून त्यात बुडवावी, हलवावी, आणि हाताने वर उचलून दुसऱ्या पाण्यात टाकावी. टोप उलटा केला की तळाची रेती पुन्हा भाजीवर येते. असे तीनदा. तळाचे पाणी बोटाने चोळून बघावे, कचकच लागली तर चौथ्यांदा.

दोनशे ग्रॅम कच्ची भाजी जाळीवर डोंगरासारखी होते आणि मासा ठेवायला जागा उरत नाही. म्हणून आधी ती एकटी जाळीवर पसरून झाकण लावावे, दोन मिनिटे. तिसऱ्या हिश्शाएवढी बसते. मग चिमट्याने बाहेर घ्यावी, जाळीवर केळीचे पान ठेवावे, पानावर भाजी पसरावी आणि भाजीवर बांगडे. भाजीला या वेळी मीठ लावू नये, मीठ लावले की पाणी सुटते आणि पानात तळे होते. माशाचा आणि वाटणाचा रस खाली उतरतो, त्यातच तिला पुरेसे मीठ मिळते.

केळीच्या पानाचा तुकडा १८ सेंटिमीटरचा गोल कापावा, जाळीपेक्षा चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर लहान. ही दोन सेंटिमीटरची मोकळी कड म्हणजे सगळ्या कृतीचा जीव. पान जाळीभर पसरले की भोके बंद होतात, वाफ अडते, खाली पाणी खळखळत असते आणि वर मासा कोमट. वीस मिनिटांनी झाकण उघडावे तर काट्याशी गुलाबी. लोक मग आच वाढवतात, त्याने काहीच होत नाही, वाट बंद आहे तर वाफ येणार कुठून. पान आधी आचेवरून दोन्ही बाजूंनी फिरवावे, रंग गडद होऊन ते लवचीक होते. कच्चे पान शिरेच्या रेषेत फाटते आणि सगळा रस खाली पाण्यात जातो. कडा सेंटिमीटरभर वर वळवून पसरट द्रोण करावा. रस त्यात राहतो, आणि तो रसच भातावर घ्यायचा आहे.

पाण्याला खळखळून उकळी आल्यावरच मासा आत जावा. थंड पाण्यावर ठेवून शेगडी पेटवली तर मासा हळूहळू तापतो, पाणी सोडतो आणि वास धरतो. उकळीवर ठेवला की वरचे मांस लगेच बसते. मोठ्या आचेवर दहा मिनिटे, दोनशे ग्रॅमच्या बांगड्याला. आठव्या मिनिटापर्यंत झाकण उघडायचे नाही. प्रत्येक वेळी उघडल्यावर साठलेली वाफ जाते आणि एक-दीड मिनिट वाढते.

पाणी संपत आले हे झाकण न उघडता कळावे म्हणून जुनी युक्ती आहे. तळात एक स्वच्छ नाणे किंवा सपाट दगडी गोटी टाकावी. उकळीबरोबर ती तळावर टकटक वाजत राहते. पाणी आटत चालले की आवाज बदलतो, आणि थांबला की आच लगेच बंद. मग गरम पाणीच कडेने ओतावे, थंड ओतले की वाफ मोडते. पाण्यात गवती चहाच्या चार पाती दुमडून टाकल्या तर घरात मासळीचा वास कमी जाणवतो, माशाच्या चवीत मात्र त्याने फार फरक पडत नाही.

शिजला हे कसे ओळखावे? डोके ठेवले असेल तर डोळा पांढरा होतो, पण त्यावर विसंबू नये, डोळा आधी शिजतो. डोक्यामागे, पाठीच्या सगळ्यात जाड भागात, चमच्याचे टोक चिरेत घालून हलकेच उचकटावे. मांस काट्यावरून सुटून आले आणि आत काचेसारखा ओला भाग दिसला नाही, की झाले. पदार्थाचा थर्मामीटर असेल तर तिथे ६३ अंश सेल्सिअस दाखवायला हवा. शेगडी बंद करून दोन मिनिटे झाकण तसेच राहू द्यावे. लगेच उचललेला बांगडा पाठीत मोडतो.

शेवटी एक चमचा खोबरेल तेल कढल्यात तापवून चार ठेचलेल्या लसूण पाकळ्या सोनेरी कराव्यात आणि त्या भाजीच्या बाजूला ओताव्यात, माशावर नाही. सगळ्या जेवणाचे तेल एवढेच. रवा लावून तव्यावर तेच दोन बांगडे तळायला तीन-चार मोठे चमचे लागतात. वाफेवर भाजीतले पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्वही उकळण्यापेक्षा कमी वाया जाते. पालेभाजीतले लोह शरीराला सहज लागत नाही, पण सोबत मासा आणि लिंबासारखे आंबट असले की ते जास्त शोषले जाते. म्हणून हे ताट जोडीने खावे, भाजी दुपारची आणि मासा रात्रीचा असे करू नये. माठात ऑक्झलेट बरेच असते. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून भाजी बदलावी.

तांबड्या भाजीचा रंग माशाच्या खालच्या अंगाला लागतो. त्याने काही बिघडत नाही, पण पाहुण्यांपुढे ठेवायचे तर भाजी आणि मासा यांच्यामध्ये हळदीचे पान घालावे. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही आठवडे ते परसात असतेच. पातोळ्यांना येतो तो सुवास इथेही येतो. पान खायचे नाही, बाजूला काढायचे.

सगळ्या पालेभाज्यांना एकच वेळ चालत नाही. पालक आधी वाफवू नये, शेवटची तीन मिनिटे राहिली की कडेच्या मोकळ्या जागेत थोडा थोडा खोचावा. बारा मिनिटे ठेवला तर चिखल होतो. शेवग्याचा पाला काड्यांवरून ओरबाडून घ्यावा, काडी राहिली तर घशात टोचते. पाच मिनिटे पुरतात. पावसाळ्यातला टाकळा फक्त कोवळा, वरच्या पानांचा, बारीक चिरून आधी पाच-सहा मिनिटे वाफवावा, मग वर मासा. जून टाकळा कडू लागतो आणि तो कडवटपणा माशातही उतरतो. मुळ्याचा पाला मासळीशी उत्तम जमतो, विशेषतः तारलीशी.

अळू इथे नको. अळवाच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानेच घसा खवखवतो. नीट शिजणे आणि आंबट, दोन्ही मिळाल्याशिवाय ती खाज मरत नाही. अळूवड्यांचे उंडे वीस मिनिटे वाफवतो ते याचसाठी. बांगडा दहा मिनिटांत होतो. अळू शिजेपर्यंत थांबलात तर मासा कोरडा, मासा वेळेवर काढलात तर घसा धरतो. अळवात मासा गुंडाळायचे मनात असेल तर ते या भांड्याचे झटपट काम नव्हे.

माशांचेही तसेच. सुरमईची दीड-दोन सेंटिमीटर जाडीची तुकडी सहा-सात मिनिटांत होते, आणि आठव्या मिनिटाला भुसभुशीत लागू लागते. तिला मेद कमी, त्यामुळे वाटणात खोबरे थोडे वाढवावे. पाव किलोचे पापलेट दहा मिनिटे. मुडदुशा पाच-सहा. मांदेली पंधरा-वीस मिळून केळीच्या पानात पुरचुंडी बांधावी, सात मिनिटे, पुरचुंड्या दोनच ठेवाव्यात. बोंबील मात्र टाळावा. त्याच्या अंगातच इतके पाणी असते की वाफेवर तो विरघळतो आणि पानात पांढरट पाणी उरते. बोंबलाला तवा किंवा आटवलेले कालवणच बरे. सुकी मासळीही नको, वाफेने तिचे मीठ निघत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा बाजारात बर्फातला जुना किंवा गोठवलेला माल जास्त. गोठवलेला मासा या भांड्यात घालायचा तर आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या खणात उतरवावा, सुटलेले पाणी टाकावे, कापडाने दोनदा टिपावे. तरीही ताज्याची गोडी येत नाही. त्यापेक्षा त्या दोन महिन्यांत खाडीचे मासे बघावेत. काळुंदर वाफेवर सुरेख होतो, काटे जाड आणि मोजके असतात म्हणून मुलांनाही देता येतो. पावसात टाकळाही त्याच वेळी उगवतो, आणि काळुंदर व कोवळा टाकळा ही जोडी या भांड्यातली आमची सगळ्यात आवडती.

दुसऱ्या जाळीबद्दल. दोन जाळ्यांचे भांडे दुकानदार आग्रहाने दाखवतो. चार माणसांचे जेवण असेल तर ते उपयोगी, दोघांना नाही. खालच्या जाळीला वाफ आधी आणि जोरात मिळते, वरचीला उरलेली. म्हणून मासा नेहमी खाली आणि भाजी वर. उलट केले तर कच्च्या माशाचे पाणी भाजीवर गळते आणि मासाही उशिरा शिजतो. वर तांबडी भाजी असेल तर तिचे लाल थेंब खाली माशावर पडतात, तेव्हा माशावर पानाचा तुकडा झाकावा. दोन्ही जाळ्या भरल्या की वेळेत तीन-चार मिनिटे वाढतात. दोन जाळ्यांमध्ये सात सेंटिमीटर जागा आहे का ते दुकानातच बघावे. बऱ्याच भांड्यांत ती मोदकाच्या कळीपुरती असते, तिथे दोन थर मावत नाहीत.

घरात असलेल्या भांड्यांनी हे होत नाही का? होते. टोपावर भाजीची चाळण ठेवून वर ताट झाकले तरी मासा शिजतो, पण ताटाच्या कडेने वाफ निसटते आणि वेळ दीडपट लागतो. कुकरमध्ये शिट्टी काढून, आत उंचवट्यावर ताटली ठेवून चांगला शिजतो, फक्त उघडून बघणे जिकिरीचे आणि अर्ध्या मिनिटाने चुकले तरी मासा जास्त होतो. इडलीपात्राच्या ताटल्यांत मासा मावत नाही, तुकडी मावते. महिन्यातून एकदा करायचे असेल तर टोप-चाळणीवर भागवावे, नवे भांडे घेऊ नये. आठवड्यातून दोनदा मासळी येत असेल तर घ्यावे.

या भांड्यातले दोष लपवण्यासारखे नाहीत. जाळीची भोके पत्र्याला ठोकून पाडलेली असतात आणि खालच्या बाजूला त्यांच्या कडा धारदार राहतात. घासताना बोट कापते. घेतानाच उलट्या बाजूने हात फिरवून बघावा, खरखर लागली तर दुसरी मागावी. जाळीच्या मध्ये उभी दांडी असेल तर उचलायला सोपे, पण सबंध पापलेट ठेवता येत नाही. दांडी काढता येणारी हवी. भांड्याचे कान अनेकदा इतके लहान असतात की फडके धरून उचलताना वाफ मनगटावर येते. झाकण नेहमी आपल्यापासून दूरच्या बाजूने उघडावे. आणि भोकांत वाटण सुकले की ते निघत नाही, म्हणून जेवायला बसण्याआधी जाळी गरम पाण्यात टाकून ठेवावी.

वासासाठी, भांडे धुऊन झाल्यावर त्यात पेलाभर पाणी आणि लिंबाच्या साली घालून जाळी-झाकणासह पाच मिनिटे उकळावे. चिंचेच्या चोथ्याने घासले तरी चालते. तरी झाकणाच्या मुठीखाली, स्क्रूच्या फटीत वास राहतो. महिन्यातून एकदा मूठ सोडवून घासावी.

आणि एक, झाकणावर रंगाने किंवा खिळ्याने ठळक खूण करून ठेवावी. दोन्ही मोदकपात्रे सारखीच दिसतात, आणि चतुर्थीच्या पहाटे घाईत माळ्यावरून कुठले खाली येईल सांगता येत नाही.